जाळणार की नुसती मांडून ठेवणार?

मी मेणबत्त्या करतो हे कळलं की लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. वास कुठला घालता आणि रंग कुठला घालता. वासाचं खातं मी भाचीकडे देऊन मोकळा झालोय, तिचं नाक तेज आहे. रंगाबद्दल कुणी विचारलं की मात्र मी सरसावून बसतो आणि आधी उलटा प्रश्न टाकतो: मेणबत्ती जाळणार आहात की नुसती मांडून ठेवणार? समोरच्याला वाटतं, हा टोलवतोय. पण एवढं कळल्याशिवाय रंगाबद्दल एक अक्षर बोलण्यात अर्थ नसतो.

ही सगळी बडबड कुठून येते तेही सांगतो. मेणाच्या नादी लागण्याआधी बरीच वर्षं मी ऑफसेट छपाईत शाई जुळवायचं काम केलं. गिऱ्हाईक जुन्या खोक्याचा फाटका तुकडा आणून द्यायचं, "अगदी असाच हिरवा हवा," आणि मी पिवळ्यात निळा, त्यात कणभर काळा असं करत पाट्यावर सुरी फिरवत बसायचो. त्यामुळे छटा ओळखायची सवय होती. मेणात रंग कसा वागतो, हे मात्र पहिल्यापासून शिकावं लागलं.

रंगांच्या मुळात दोन जाती. एक मेणात विरघळणारे, म्हणजे डाय. दुसरे न विरघळणारे, मेणात नुसते कण होऊन पसरणारे, म्हणजे पिगमेंट. विकताना दोन्हींवर 'कँडल कलर' असंच लिहिलेलं सापडतं, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

वात काय करते ते बघा. ज्योतीच्या आचेनं वरचं मेण वितळतं. ते पातळ मेण सुताच्या धाग्यांमधल्या फटींतून वर चढतं, वर त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ. सूत जळतं ते फक्त टोकाशी, तेही हळूहळू. रंग मेणात विरघळलेला असेल तर मेणाबरोबर चढतो आणि बहुतेक जळून जातो. कण असतील तर तेही चढतात, पण मेणाची वाफ होऊन जाते आणि कण मागे राहतात. खनिजाची भुकटी जळणार कशी?

पिगमेंट घातलेली एखादी मेणबत्ती पेटवून तिच्यासमोर जरा वेळ काढा. सुरुवातीला सगळं छान चालतं. मग ज्योत बुटकी व्हायला लागते आणि वातीच्या टोकाला काळी गाठ धरते. वाकून पाहिलं तर वितळलेल्या मेणाच्या तळ्यात वातीच्या बुडाशी रंगाचा साका गोळा झालेला दिसतो. ज्योत बारीक म्हणून मेण कमी वितळतं, मेण कमी मिळतं म्हणून ज्योत आणखी बारीक होते, आणि शेवटी वात गुदमरून विझते. माणसं दोष देतात वातीला. पुढच्या खेपेला जाड वात घालतात, मग काजळी धरते आणि तक्रार वासाच्या तेलावर जाते. मूळ गुन्हेगार रंग, तो नामानिराळाच राहतो.

हातात आलेला रंग कुठल्या जातीचा हे डब्यावरून कळलं नाही तरी मेण सांगतं. काचेच्या लहान भांड्यात थोडं पांढरं पॅराफिन, म्हणजे पेट्रोलियमपासून मिळणारं नेहमीचं मेण, वितळवा, रंग घाला, ढवळा आणि ते भांडं गरम पाण्यात तसंच अर्धा तास राहू द्या, ढवळू नका. मग उजेडासमोर धरा. डाय असेल तर मेण रंगीत पण आरपार दिसेल आणि तळ स्वच्छ असेल. पिगमेंट असेल तर मेण गढूळ दिसेल, तळाशी थर बसलेला असेल. कोणाला विचारायची गरज नाही.

आता ते नेहमीचे प्रश्न. घरात मेणाचे खडू पडलेले असतात, ते वितळवून घालावेत असं प्रत्येकाला एकदा तरी वाटतंच. खडूत मेण असतं हे खरं, पण रंग असतो तो पिगमेंट. त्यामुळे मांडून ठेवायच्या मेणबत्तीत खुशाल घाला, जाळायच्या मेणबत्तीत नको. खाण्याचे द्रव रंग पाण्यात केलेले असतात. ते मेणात मिसळतच नाहीत, थेंब-थेंब होऊन तळाशी जाऊन बसतात आणि मेण गरम असेल तर तडतडतात. चॉकलेटसाठीचे तेलकट रंग वरवर मिसळल्यासारखे वाटतात, पण त्यातही बऱ्याचदा न विरघळणारे कणच असतात, वरची काचेची परीक्षा त्यांनाही लावा. चित्रकाराचे तैलरंग? "मेण तेलात विरघळतं, मग तेलाचा रंग मेणात का नाही?" असं एका चित्रकार मित्रानं विचारलं होतं. विरघळतं ते तेल, बाबा. रंग कण म्हणूनच राहतो. शिवाय तैलरंगांतल्या काही पिवळ्या-लाल छटा कॅडमियमच्या असतात. ते घरात जाळायचं काही कारण नाही.

आणि रंगीत मेणबत्तीची ज्योत रंगीत होत नाही. हिरवी मेणबत्तीही पिवळीच जळते, कारण तो पिवळा उजेड ज्योतीत तापून झळकणाऱ्या काजळीच्या कणांचा असतो.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की पिगमेंट वाईट. तसं मुळीच नाही, उलट सजावटीच्या कामात माझं पिगमेंटशीच जास्त जमतं. डायला एक खोड आहे: तो एका जागी बसत नाही. विरघळलेला असल्यामुळे मेण गोठल्यावरही तो हळूहळू सरकत राहतो. लाल आणि पांढऱ्या थरांची मेणबत्ती ओतली की त्या दिवशी दोन थरांमधली रेघ सुरीनं कापल्यासारखी दिसते. काही आठवड्यांनी त्या रेघेवर गुलाबी झाक येते, आणि ती झाक पांढऱ्यात उतरत जाते. पांढरा थर पातळ असेल तर तो पुरता गुलाबी होतो. उष्ण हवेत हे आणखी लवकर होतं. यावर इलाज एकच, जिथे पांढरं आणि गडद एकमेकांना चिकटून आहेत तिथे गडद रंग पिगमेंटचा घ्यायचा. कण जागचे हलत नाहीत.

मग ती जाळायची असेल तर? इथे एक जुनी आणि चांगली तोड आहे. आतला गाभा पांढऱ्या किंवा हलक्या डाय घातलेल्या मेणाचा करायचा आणि वरून पिगमेंटच्या गरम मेणात बुडवून मिलिमीटरभर जाडीचा रंगीत थर चढवायचा. वातीच्या वाट्याला येतं ते बहुतेक गाभ्याचं मेण. बाहेरचा थर रंग दाखवतो, गाभा जळतो. यात रंगही कमी लागतो. वर नक्षी कोरली की आतलं पांढरं उघडं पडतं, हा आणखी एक फायदा. एक पथ्य पाळायचं, बुडवायच्या भांड्यातलं मेण दर वेळी तळापासून ढवळून घ्यायचं. नाहीतर पहिली मेणबत्ती फिकट आणि शेवटची मळकी निघते.

भाचीचा जीव मायकावर. मायका म्हणजे अभ्रकाचे पापुद्रे, त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइडचा लेप असतो आणि त्यामुळे ते चमकतात. "मामा, आतच मिसळू या ना, सगळीकडून चमकेल," असं ती प्रत्येक वेळी म्हणते. सगळीकडून चमकत नाही. पापुद्रे जड, मेण गोठेपर्यंत निम्मे तळाशी जातात, आणि उरलेले मेणात पुरले गेल्यावर त्यांच्यावर उजेडच पडत नाही. तीच चिमूटभर भुकटी कोरड्या मऊ ब्रशनं गोठलेल्या मेणबत्तीवर चोळली तर उठावाच्या नक्षीवर नेमकी बसते आणि खोलगट भागात मूळ रंग राहतो. जाळायच्या मेणबत्तीला मी फक्त बुडाकडच्या बाजूला लावतो. ग्लिटरला माझा साफ नकार आहे. ते बहुतेक प्लास्टिकचं असतं, वितळलेल्या मेणातून वातीपर्यंत जातं आणि भलतीच ज्योत उठवतं. यावर आमचे मतभेद आहेत आणि राहतील.

आता मेणाकडे. छपाईत कागद बदलला की तीच शाई वेगळी दिसते, इथे कागदाच्या जागी मेण आहे. पॅराफिन अर्धपारदर्शक, त्यामुळे त्यात रंग खोल दिसतो. गडद जांभळा, बाटलीचा हिरवा, माणकासारखा लाल हवा असेल तर पॅराफिनच घ्यावं. सोया मेण गोठलं की दुधी होतं, म्हणजे प्रत्येक रंगात आपोआप पांढरा मिसळल्यासारखा होतो. त्यात कितीही लाल घाला, गुलाबीच्या पलीकडे जाऊन थोडा विटकरी होतो, पण माणकाचा लाल होत नाही. वर सोयाला स्वतःचे स्फटिक धरायची सवय, त्यामुळे पृष्ठभागावर पांढरट नक्षी उमटते. फिक्या रंगावर ती दिसतही नाही, गडद निळ्यावर डोळ्यांत भरते. म्हणून सोया वापरणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला, फिक्या छटांवर प्रेम करा. मोतिया, पिस्ता, फिकट आकाशी, चिंचोक्याच्या आतल्या गरासारखा पांढुरका पिवळा. या छटा सोयात जशा उतरतात तशा पॅराफिनमध्ये उतरत नाहीत.

मधमाशीचं मेण मुळातच पिवळं. त्यात निळा घातला की हिरवट येणार, गुलाबी घातला की जर्दाळूसारखा येणार. त्याच्याशी भांडू नये. केशरी, तपकिरी, शेवाळी हे रंग त्यात फार सुरेख येतात. निळाच हवा असेल तर शुभ्र केलेलं मेण मिळतं, ते घ्यावं.

स्टिअरिक ॲसिड, म्हणजे चरबी-तेलांपासून मिळणारं मेणासारखं आम्ल, लोक साच्यातून मेणबत्ती सुटायला सोपी जावी म्हणून घालतात, पण रंगावरही त्याचा परिणाम होतो. पॅराफिनमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास घातलं की मेण अपारदर्शक होतं, रंग मऊ आणि एकसारखा दिसतो. शिवाय काही डाय त्यात पॅराफिनपेक्षा चांगले विरघळतात. ते वितळतं मात्र साधारण ६९ अंश सेल्सियसला, म्हणून आधी ते वितळवून घ्यायचं.

जेल मेणबत्त्यांबद्दल एवढंच, त्यांना फक्त द्रव डाय आणि तोही सुईच्या टोकावर मावेल इतकाच. मेणात केलेली रंगाची वडी जेलमध्ये घातली की ते धूसर होतं, आणि धूसर जेलला काही शोभा नाही.

छटा ठरवताना सगळ्यात जास्त फसवतं ते पातळ मेण. भांड्यात ते भलतंच गडद आणि चकचकीत दिसतं, गोठलं की दोन-तीन पायऱ्या खाली येतं. म्हणून भांड्यात बघून रंग ठरवू नये. चमच्याच्या टोकानं पांढऱ्या कागदावर थेंब टाकायचा, पूर्ण थंड होऊ द्यायचा आणि मग बघायचं. थेंबही पातळ पसरलेला नको. जाडी वाढली की रंग गडद होतो, त्यामुळे थेंबावरून ठरवलेली छटा मोठ्या जाड मेणबत्तीत आणखी खोल जाते आणि बारीक उभ्या मेणबत्तीत फिकी वाटते. मी एका छोट्या वाटीसारख्या साच्यात, होणाऱ्या मेणबत्तीइतक्याच जाडीचा तुकडा ओतून बघतो. वेळ लागतो, पण किलोभर मेण नासण्यापेक्षा तो बरा.

आणि उजेड. छापखान्यात नमुना तपासायचा तो ५,००० केल्विनच्या प्रमाणित दिव्याखाली (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा), कारण पिवळ्या बल्बखाली पास केलेला रंग दिवसा उजेडात भलताच निघतो. मेणबत्तीची गोष्ट याच्या उलटी आहे. ती दिवसा उजेडात पाहून निवडली जाते आणि रात्री स्वतःच्याच उजेडात पाहिली जाते. मेणबत्तीच्या ज्योतीचा उजेड साधारण १,९०० केल्विनचा, म्हणजे लाल-पिवळ्यानं भरलेला आणि निळ्याच्या बाबतीत कंजूष. निळ्या वस्तूला दिसायला निळा उजेड हवा, तोच इथे नाही. त्यामुळे दिवसा मोरपंखी दिसणारी मेणबत्ती रात्री एकटी पेटवली की राखाडी-काळपट वाटते. लाल, केशरी, पिवळा हे मात्र त्याच उजेडात खुलतात. ज्योतीजवळचा भाग तर आतून पेटल्यासारखा दिसतो, कारण उजेड मेणातून गाळून येतो.

यामुळे निळी मेणबत्ती करायचीच नाही असं नाही. फक्त ती जाळायची असेल तर निळा जरा हलका ठेवायचा आणि हिरव्याकडे झुकवायचा. फिकट फिरोजी रात्री तग धरतो. नेव्ही ब्लू रात्री काळ्यात जमा होतो. मी जाळायच्या प्रत्येक नव्या छटेचा तुकडा अंधाऱ्या खोलीत पेटत्या मेणबत्तीशेजारी ठेवून बघतो आणि मगच ती छटा कायम करतो. रंग विकणारे जी छापील छटापत्रकं देतात त्यात ही गोष्ट कधीच नसते.

काळ्यावर मी अख्खा लेख लिहू शकेन, पण आवरतो. शाईतला काळा म्हणजे काजळीचा कण, कार्बन ब्लॅक. तो पिगमेंट, त्यामुळे बाहेरच्या थरासाठी उत्तम आणि वातीसाठी काळ. मेणात विरघळणारा काळा बहुतेक वेळा एकच रंग नसतोच, निळा, लाल, पिवळा असे गडद डाय एकत्र करून तो साधलेला असतो. पारखायचा असेल तर काळ्या मेणाचा थेंब पांढऱ्या कागदावर पडल्या पडल्या बोटानं नव्हे, पत्त्याच्या कडेनं ओढून पातळ करायचा. पातळ झालेल्या शेपटाकडे बघा. कुणाचं शेपूट जांभळट निघतं, कुणाचं हिरवट, कुणाचं तपकिरी. ते शेपूट म्हणजे त्या काळ्याचं खरं पोट. रंग कमी पडला तर अख्खी मेणबत्ती त्याच छटेकडे झुकणार. जांभळट असेल तर मी त्यात किंचित पिवळा घालतो, हिरवट असेल तर किंचित लाल, आणि काळा स्थिर होतो. पण काळ्यासाठी डाय इतका लागतो की वातीवर त्याचाही भार पडतोच. विरघळणारा रंगसुद्धा प्रमाणाबाहेर गेला की काजळी धरतो. म्हणून काळी मेणबत्ती जाळायची असेल तर पुन्हा तीच तोड: आत पांढरा गाभा, वर काळा थर.

विरुद्ध रंग किंचित घालायची ही युक्ती भडक रंग शांत करायलाही चालते. विकत मिळणारे डाय फार किंचाळतात. हिरव्याला शांत करायला लोक काळा घालतात आणि तो मळतो. त्याऐवजी हिरव्यात कणभर लाल घाला, लालमध्ये कणभर हिरवा, जांभळ्यात कणभर पिवळा. रंग मवाळ होतो पण मरत नाही. शेवाळी, विटकरी, गेरू या सगळ्या छटा मी अशाच काढतो.

रंग विटण्याबद्दल आता. उन्हात लावलेलं छापील पोस्टर काही महिन्यांत निळं पडलेलं सगळ्यांनी पाहिलंय. त्यातला मॅजेंटा आणि पिवळा आधी उडतो, निळा आणि काळा टिकतो. छपाईच्या शाईतही पिगमेंटच असतात, म्हणजे पिगमेंट कायमचा टिकाऊ असंही नाही, पण लोहाचे लाल-पिवळे ऑक्साइड, टायटॅनियमचा पांढरा, कार्बनचा काळा हे खनिज गडी उन्हाला भीक घालत नाहीत. डाय एकूणच नाजूक. त्यातही फ्लुरोसंट गुलाबी आणि बरेचसे जांभळे फार लवकर दम सोडतात. डायच्या डब्यावर कलर इंडेक्सचं, म्हणजे रंगद्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीतलं, नाव दिलेलं असेल तर ते वाचावं. सॉल्व्हेंट रेड २४ हा अझो नावाच्या रासायनिक जातीचा, त्यालाच सुदान फोर म्हणतात. तेलं, मेण, पॉलिश रंगवायला तो जुन्या काळापासून वापरात आहे. सॉल्व्हेंट व्हायोलेट १३, सॉल्व्हेंट ग्रीन ३, सॉल्व्हेंट ब्लू ३५ हे अँथ्राक्विनोन जातीचे, आणि एकूणात ही जात उजेडात जास्त तग धरते. नाव न सांगता नुसतं 'रॉयल पर्पल' लिहिणाऱ्या विक्रेत्याला मी नाव विचारतो. सांगितलं नाही तर घेत नाही.

तरीही नावावर न थांबता परीक्षा करावी. रंगीत मेणाची पट्टी ओतायची, अर्धी ॲल्युमिनियमच्या फॉइलनं झाकायची आणि उजेडाच्या खिडकीत ठेवायची. काही आठवड्यांनी फॉइल काढलं की झाकलेला आणि उघडा भाग शेजारी-शेजारी दिसतो. वाद घालायला काही उरत नाही. मेणात घालायचं अतिनील किरण शोषणारं द्रव्यही मिळतं, त्यानं विटणं लांबतं, थांबत नाही. खिडकीत मांडून ठेवायच्या मेणबत्तीला मी जांभळा देतच नाही. लोक रुसतात, रुसू देत.

वासामुळेही रंग बदलतो, आणि इथे माझी आणि भाचीची खाती एकमेकांत घुसतात. व्हॅनिलाच्या वासात व्हॅनिलिन असतं, ते काळाच्या ओघात मेणाला तपकिरी करतं. पांढरी मेणबत्ती आधी मलईच्या रंगाची होते, मग चहाच्या. त्यामुळे व्हॅनिलाचा वास घालायचाच असेल तर रंगही तपकिरी किंवा कॅरामलच निवडावा, म्हणजे बदल झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. बाकीच्या वासांनीही काही डाय सरकतात, म्हणून रंगाचा नमुना वास घालूनच तपासायचा, नुसत्या मेणात नाही.

"नैसर्गिक रंग का नाही वापरत?" हा आणखी एक प्रश्न, बऱ्याचदा जरा आरोपाच्या सुरात. कारण साधं आहे, बहुतेक वनस्पतींचे रंग पाण्याचे सोयरे आहेत. बिटाचा रंग पाण्यात उतरतो, मेणात नाही, आणि तापवला की तपकिरी होतो. हळदीची पूड मेणात थोडा पिवळा सोडते, बाकीची पूड तळाशी बसते, आणि तो पिवळाही उजेडात झपाट्यानं उडतो. नीळ मेणात विरघळतच नाही. तेलाचे सोयरे थोडेच. रतनजोतीचं मूळ गरम मेणात किंवा तेलात ठेवलं की लाल-जांभळा उतरतो. शेंदरीच्या बियांतून केशरी उतरतो. हे दोन मी आवडीनं वापरतो, मुळं-बिया कापडाच्या पुरचुंडीत बांधून गरम मेणात सोडायच्या आणि शेवटी मेण बारीक कापडातून गाळून घ्यायचं. पण दोन वेळा तीच छटा येईल याची हमी नाही, आणि रतनजोत तर आम्ल-अल्कलीप्रमाणे लालाचा निळा होते. ज्याला हे चालतं त्यानं जरूर करावं.

रासायनिक रंगांचा इतिहासही काही धुतल्या तांदळासारखा नाही. कार्ल शीले या स्वीडनमधल्या रसायनशास्त्रज्ञानं १७७५ मध्ये तांबं आणि आर्सेनिकपासून एक झकास हिरवा काढला. एकोणिसाव्या शतकात तो भिंतीच्या कागदांपासून खेळण्यांपर्यंत आणि मेणबत्त्यांपर्यंत पोचला, आणि लोक तो घरात जाळत होते. मग १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांत जांभळा सापडला, आणि कृत्रिम रंगांची रांगच लागली. १८६०-६१ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे व्याख्यानांतून मुलांना मेणबत्तीचं रसायनशास्त्र समजावत होता तेव्हा त्याच्या टेबलावर या नव्या मॉव्ह (पर्किनचा जांभळा) आणि मॅजेंटा रंगांच्या मेणबत्त्या होत्या. त्याच व्याख्यानात त्यानं नक्षीदार मेणबत्तीचं दुखणंही दाखवलं: बाहेरून खाचा-पन्हळी असलेली मेणबत्ती दिसते देखणी, पण वितळलेलं मेण धरून ठेवणारी वाटी तिच्या कडेला नीट तयार होत नाही आणि ती ओघळत जळते. जाळणार की मांडणार, हा प्रश्न त्यालाही पडला होता म्हणायचा.

शेवटी प्रमाण. द्रव डाय सोपा, पण थेंब हे माप नव्हे. बाटलीचं तोंड आणि हाताचा दाब बदलला की थेंब बदलतो. वड्या नवशिक्यांना बऱ्या, विरघळतातही पटकन. मी पावडर डाय घेतो कारण एकदा जमलेली छटा पुन्हा काढता येते. तिचं प्रमाण फार कमी, मध्यम छटेला किलोभर मेणाला साधारण अर्धा ग्रॅम. एवढंसं दर वेळी तोलणं कटकटीचं, म्हणून मी आधी जोड करून ठेवतो: ९५ ग्रॅम मेणात ५ ग्रॅम पावडर, ८५ अंशांच्या आसपास पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायची आणि पातळ वडी ओतायची. या वडीचे १० ग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम रंग. ती किसून तोलणं सोपं, आणि मुख्य म्हणजे न विरघळलेला कण मेणबत्तीत येत नाही. पावडर थेट घातली आणि मेण पुरेसं गरम नसलं की गोठलेल्या मेणबत्तीत गडद ठिपके उमटतात, आणि ते दिसतात ते साच्यातून काढल्यावरच. मेण नेहमी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवूनच तापवायचं, थेट आचेवर नाही. सिलिकॉनचे साचे गडद आणि फिक्या रंगांसाठी वेगळे ठेवायचे, कारण सिलिकॉन डाय पिऊन घेतं आणि लालानंतर ओतलेली पांढरी मेणबत्ती गुलाबी सावली घेऊन बाहेर येते.

आणि पावडर तोलताना तोंडाला मास्क लावा, खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा आणि पंखा बंद करा. उडालेली पावडर कोरडी असताना दिसत नाही. दुसऱ्या दिवशी ओलं फडकं फिरवलं की ओटा जांभळा होतो.